एकोणिसाचे एकेचाळीस

"माझ्या मैदानाला कुलूप लावणारा अजून जन्माला यायचाय!"

गोळाबाईंनी हे वाक्य सकाळी सव्वासहाला, चहाचा कप टेबलावर आपटून म्हटलं. कपाचा कान तुटून हातात आला.

"जन्माला आलाय," नवरा शांतपणे म्हणाला. "येऊन नोकरीलाही लागलाय. हिशेब खात्यात."

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत डोकावून त्याला एक सवय लागली होती: जे दिसतं ते बोलून टाकायचं. संसारात ही सवय धोक्याची, पण त्याला कोण सांगणार!

गोळाबाई म्हणजे कॉलेजच्या मैदानी खेळांच्या प्रशिक्षक. तरुणपणी गोळाफेकीत नाव काढलेलं, म्हणून हे नाव पडलं आणि ते चिकटलं. एके काळी विभागात चार प्रशिक्षक होते. एकाला दुसऱ्या कॉलेजनं दुप्पट पगार देऊन पळवलं, दुसरे निवृत्त झाले, तिसरी लग्न करून परदेशी गेली. राहिल्या एकट्या गोळाबाई! धावणं त्याच शिकवायच्या, उड्या त्याच, फेक त्याच. मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या त्याच, आणि कुणाचा पाय मुरगळला तर मलम चोळायलाही त्याच. पगार मात्र एकाचाच. तोही वेळेवर आला तर आला.

आणि आता हे पत्र! पत्र पाठवणारे गृहस्थ हिशेब खात्याचे प्रमुख. बोलताना दर वाक्यात एक तरी टक्का आणायचे, म्हणून मैदानावर त्यांचं नाव टक्केसाहेब. पत्रात लिहिलं होतं की मैदानी विभागाचा दरडोई खर्च फार आहे. सोमवारपर्यंत खेळाडूंची यादी सादर करावी. तीसपेक्षा कमी खेळाडू असल्यास विभाग तत्काळ बंद करण्यात येईल आणि मैदानाच्या जागेवर गाड्या लावण्याची सोय करण्यात येईल.

"गाड्या!" गोळाबाई कडाडल्या. "माझ्या लांब उडीच्या खड्ड्यात गाड्या!"

"किती खेळाडू आहेत तुझ्याकडे?" नवऱ्यानं विचारलं.

"एकोणीस."

"मग अकरा कमी पडतात. लिही की दहा-अकरा नावं वरून. कोण बघतंय?"

"खोटं? मी? अहो, आयुष्यभर रेघेवर पाय पडला म्हणून मुलांच्या उड्या बाद करत आले मी! आणि आता स्वतःच रेघ ओलांडू? एकोणीस म्हणजे एकोणीस! बंद करायचं तर करून दाखवा म्हणावं!"

आणि त्याच तिरीमिरीत त्यांनी यादी पाठवून दिली. वर्षानुवर्षं पाठवत होत्या तीच आणि तशीच. आता मैदानाची यादी कशी असते, हे सांगायला हवं. ती माणसांप्रमाणे नसते, प्रकारांप्रमाणे असते. शंभर मीटर: अमुक. उंच उडी: तमुक. भालाफेक: अमका. एखादा मुलगा दोन प्रकारांत उतरला की त्याचं नाव दोनदा येतं. त्यात गोळाबाईंच्या संघात लांबू होता. लांबू म्हणजे ताडमाड उंचीचा, दहा प्रकारांच्या स्पर्धेत उतरणारा गडी. त्याचं नाव दहा ठिकाणी! आणि चिमणी होती. ही एवढीशी पोरगी सात प्रकारांत उतरायची. तिचं नाव सात ठिकाणी! बाकीचे सतरा जण मिळून चोवीस ठिकाणी. एकूण ओळी झाल्या एकेचाळीस.

सोमवारी यादी गेली. मंगळवारी गोळाबाई भांडणाच्या तयारीत बसल्या. काय बोलायचं ते आरशासमोर दोनदा म्हणूनसुद्धा झालं. बुधवारी हिशेब खात्यातून बोलावणं आलं. बाई पदर खोचून गेल्या.

टक्केसाहेब चक्क उठून उभे राहिले!

"या मॅडम, या! अभिनंदन! एकेचाळीस खेळाडू! तुमचा दरडोई खर्च चोपन्न टक्क्यांनी खाली आला. अख्ख्या कॉलेजात सर्वात स्वस्त विभाग तुमचा! मी कालच अहवाल संचालक मंडळाकडे पाठवला. मंडळानं माझं कौतुक केलं, लेखी!"

गोळाबाईंच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. हा बाबा नावं वाचतच बसला नव्हता. आकड्यांचा माणूस! त्यानं पेन्सिल घेतली, ओळी मोजल्या आणि मोकळा झाला.

"साहेब, त्या यादीचं जरा..." बाईंनी सुरुवात केली.

"एकोणीस-वीस असते ना मॅडम," टक्केसाहेब खुशीत म्हणाले, "तर आज सकाळीच गाड्यांसाठी पट्टे मारायला माणूस पाठवणार होतो. रंगसुद्धा आणून ठेवला होता."

कोपऱ्यात पिवळ्या रंगाचे दोन डबे होते. गोळाबाईंनी ते पाहिले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी उघडलेलं तोंड काही न बोलता मिटलं.

"फक्त एक किरकोळ बाब," साहेब म्हणाले. "नियमानं पंधरा खेळाडूंमागे एक प्रशिक्षक लागतो. एकेचाळीसला तीन हवेत. तुमच्याकडे तर एकच दिसतो. बाकीचे दोन कुठेत?"

करायला गेलं एक आणि झालं भलतंच! पण गोळाबाई माघार घेणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"आहेत की! मानद आहेत. एक पैसा घेत नाहीत."

'एक पैसा घेत नाहीत' हे ऐकून टक्केसाहेबांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं. "शाब्बास! मग शुक्रवारी मी आणि प्राचार्य मैदानावर येतो. मंडळाला प्रत्यक्ष मोजणी हवीय. नव्या नंबराच्या एकेचाळीस जर्स्या आजच पाठवतो. प्रत्येक खेळाडू जर्सी घालून माझ्या टेबलासमोरून गेला की मी टीक करणार. झालं काम!"

संध्याकाळी घरी दोन मानद प्रशिक्षकांची नेमणूक झाली. उडी प्रशिक्षक: नवरा. धाव प्रशिक्षक: सासूबाई.

"मी?" नवरा म्हणाला. "अगं, मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून उडी मारत नाही!"

"मारायची नाहीये. नुसतं मारणाऱ्याकडे बघून मान हलवायची."

सासूबाई वयानं शहात्तर, अंगानं काटक. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "शिट्टी मिळेल का?"

शिट्टी मिळाली. रात्रीच्या जेवणापर्यंत ती चार वेळा वाजली.

गुरुवारी गोळाबाईंनी संघ गोळा केला आणि सगळं सरळ सांगून टाकलं. "पोरांनो, आपण खोटं बोलणार नाही. कुणी विचारलं, 'तू कोण?' तर स्वतःचं नाव सांगायचं. पण कुणी विचारलंच नाही, तर आपण होऊन सांगायचं नाही. यादीत ज्याच्या जितक्या ओळी, तितक्या त्यानं मैदानाच्या फेऱ्या मारायच्या. ओळ लिहिलीय, तर ओळ धावलीच पाहिजे! यात काही गैर आहे?"

"बाई, माझ्या दहा ओळी आहेत," लांबू बारीक आवाजात म्हणाला.

"मग दहा फेऱ्या. हात वर करून दमलो म्हणणार असशील तर आत्ताच सांग, उद्या इथे गाड्या उभ्या राहतील!"

लांबूनं चिमणीकडे पाहिलं. लांबू काही श्रीमंताघरचा नव्हता. मैदानाच्या सवलतीवर त्याची फी भरली जायची, तिचीही. विभाग गेला की दोघांचं शिक्षण गेलं. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"दहा तर दहा," लांबू म्हणाला.

शुक्रवारी चार वाजता टक्केसाहेबांचं टेबल मैदानाच्या एका बाजूला मांडलं गेलं. समोर कागद, कागदावर एक ते एकेचाळीस आकडे. शेजारच्या खुर्चीत प्राचार्य. पलीकडच्या टोकाला सामानाची खोली होती. खोलीच्या मागे सासूबाई, जर्स्यांचा ढीग आणि दुकानातून आणलेला चष्म्यांच्या फ्रेमांचा एक ट्रे. योजना साधी: फेरी मारायची, टेबलासमोरून जायचं, खोलीमागे वळायचं, जर्सी बदलायची, टोपी किंवा चष्मा चढवायचा आणि पुन्हा बाहेर!

शिट्टी वाजली.

पहिले एकोणीस तर सुरळीत गेले. टक्केसाहेब डोकं वर न काढता टीक करत होते. त्यांची नजर छातीवरच्या नंबराच्या वर एक इंचसुद्धा जात नव्हती. मान मोडली असती तरी त्यांनी चेहरा पाहिला नसता. गोळाबाईंचा जीव भांड्यात पडला.

खोलीमागे मात्र रणधुमाळी चालली होती!

"अगं चिमणे, उलटी घातलीस! पाठीवर नंबर आलाय!"

"आजी, ही तर लांबूची आहे, गुडघ्यापर्यंत येतीये!"

"मग आवळून धर! पळ! आणि तू रे लांबू, मागच्या खेपेला गोल चष्मा होता, आता चौकोनी घे. इकडे बघ. हं, शोभतोय तुला. पळ!"

वीस, एकवीस, बावीस... सव्वीस आला तो लांबूच. सत्तावीस चिमणी. एकतीस पुन्हा लांबू.

"मॅडम," प्राचार्य म्हणाले, "तुमच्या संघात चष्मेवाले फार दिसतात."

"अभ्यासू मुलं आहेत सर."

"दिसतात म्हणजे, तसं मला फारसं काही दिसत नाहीच म्हणा." प्राचार्यांनी स्वतःचा चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि वाकडा-तिकडा पुन्हा नाकावर ठेवला. "तीन महिने झाले, सगळं धुरकट."

आता सांगतो काय घडलं ते. शेजारीच उडी प्रशिक्षक उभा होता. उड्यांकडे बघून मान हलवायचं काम तो इमानदारीत करत होता. पण तो चष्मा! एक दांडी सैल, काच घसरलेली, कडेला बोटभर मळ. चष्मेवाल्यानं एक मिनिट दम धरला. दोन मिनिटं धरला. तिसऱ्या मिनिटाला बिचाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"सर, जरा द्या बघू," तो म्हणाला.

गोळाबाईंनी प्राचार्यांच्या पाठीमागून हातवारे केले. डोळे वटारले. खोटं खोटं खोकल्या. पण नवरा खिशातला इवलासा पेचकस काढून कामाला लागला होता, आणि काम करताना त्याला घर पेटलं तरी कळायचं नाही. दांडी आवळली, काच बसवली, फडक्यानं लख्ख पुसली आणि दोन्ही हातांनी चष्मा प्राचार्यांच्या नाकावर ठेवला.

"अहाहा!" प्राचार्य खुर्चीतून उठलेच. "गवताचं पातं न् पातं दिसतंय! ती पलीकडची पाटी वाचता येतेय मला! वा! उडी प्रशिक्षक असून तुम्हाला हे जमतं?"

"सरावानं जमतं सर," नवरा लाजून म्हणाला.

"आणि हा..." प्राचार्य थांबले. समोरून छत्तीस नंबर धापा टाकत जात होता. "हा उंच मुलगा मघाशी येऊन गेला ना?"

"कुठला सर?"

"हाच. मघाशी गोल चष्म्यात होता. त्याच्याआधी टोपीत. आणि ही मुलगी! हिच्या अंगावर तर जर्सी आहे की झगा?"

गोळाबाई पटकन प्राचार्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. टक्केसाहेब मात्र खाली मान घालून पुटपुटत होते, "सदतीस... अडतीस... एकोणचाळीस... छान. चाळीस..."

आणि एकेचाळीस आला. लांबू! दहावी फेरी! पाय लटपटत होते, तोंडाला फेस आला होता, चष्म्याची एकच दांडी कानावर होती. टेबलापाशी पोहोचला आणि धाडकन आडवाच झाला. टोपी एकीकडे, चष्मा एकीकडे. त्यानं डोळे अर्धवट उघडले, वर गोळाबाईंचा चेहरा पाहिला आणि विचारलं,

"बाई, आता मी कितवा?"

तेवढ्यात शिट्टी वाजली. सासूबाईंना खोलीमागे काही कळलं नव्हतं. त्या पुढच्याला बोलावत होत्या.

"मॅडम," प्राचार्य म्हणाले, "हा काय प्रकार आहे?"

दुसरं कुणी असतं तर हातापाया पडलं असतं. गोळाबाईंनी पदर पुन्हा खोचला.

"प्रकार दहा आहेत सर! त्याच्या एकट्याचे! होय, माझ्याकडे एकोणीसच मुलं आहेत! मी यादीत एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. नावं समोर होती, वाचली नाहीत त्याला मी काय करू? चुकले ते एवढंच, की कळल्यावर गप्प बसले. त्याची काय शिक्षा द्यायची ती मला द्या. पण या पोराकडे बघा! धावतो तो, उडतो तो, फेकतो तो. दहा माणसांचं काम करतो आणि सवलत एकाचीच खातो! दुसऱ्या कुठल्या विभागात आहे असा कुणी? असेल तर दाखवा, आणि मग खुशाल इथे गाड्या लावा! पण तोवर या मैदानावर पिवळा रंग घेऊन कुणी आला ना, तर चार किलोचा गोळा आहे माझ्याकडे, आणि हात अजून विसरलेला नाही!"

चिमणी रडायला लागली. नवऱ्यानं घाईघाईनं पेचकस खिशात लपवला.

"एकोणीस?" एक चिरका आवाज आला. टक्केसाहेब उभे होते. चेहरा पांढराफटक. "कोण म्हणतं एकोणीस?"

"मी म्हणते!"

"साफ चूक! एकेचाळीस आहेत!" त्यांनी कागद नाचवला. "मी स्वतः मोजलेत! एकेचाळीस खुणा! मंडळाकडे माझ्या सहीनं अहवाल गेलाय. त्यांचं कौतुकाचं पत्र मी चौकट करून भिंतीवर लावलंय!"

"अहो, पण हा एकच मुलगा दहा वेळा..."

"मी मुलं बघत नाही, नंबर बघतो! एकेचाळीस!"

"एकोणीस!"

"एकेचाळीस! शंभर टक्के एकेचाळीस!"

नवऱ्यानं गोळाबाईंचा पदर हळूच ओढला. "अगं, जिंकलीस ना? मग आता हरायचा हट्ट कशाला?"

प्राचार्य दोघांच्या मधून पुढे आले. मग खाली वाकले आणि लांबूला हात देऊन उठवलं.

"दहा फेऱ्या मारल्यास?"

"हो सर."

"कशासाठी?"

"बाई म्हणाल्या, नाहीतर गाड्या उभ्या राहतील."

"या कॉलेजात मी अकरा वर्षं आहे," प्राचार्य म्हणाले. "आपला विभाग वाचावा म्हणून कुणी पत्र लिहितं, कुणी ओळखी काढतं, कुणी माझ्या घरी येऊन बसतं. एक फेरी मारलेला मला आठवत नाही." त्यांनी टक्केसाहेबांकडे पाहिलं. "तुम्ही किती मोजलेत?"

"एकेचाळीस, सर!"

"मग तुमच्या सहीखाली मी सही करतो. पण मॅडम, वर्षाच्या आत आणखी अकरा मुलं खरोखरची हवीत मला. हातापायांची! माझा चष्मा आता स्वच्छ आहे, लक्षात ठेवा."

सही झाली! पोरांनी गोळाबाईंना उचलायचा प्रयत्न केला, पण तो एकोणीस जणांनाही झेपला नाही. मग त्यांनी लांबूला उचललं. तो वरच्या वर झोपून गेला.

त्या रात्री गोळाबाईंची छाती दोन इंच फुगली होती. "बघितलंत? मैदान माझं, माझंच राहिलं! कुणाच्या बापाची टाप नाही आता मला हात लावायची!"

सोमवारी पत्र आलं. सहा ओळींचं. टक्केसाहेबांनी लिहिलं होतं की एकेचाळीस खेळाडू आणि तीन प्रशिक्षक असलेला विभाग नियमानं मोठा विभाग ठरतो. मोठ्या विभागाला विभागप्रमुख असावा लागतो. आणि प्रशिक्षकांपैकी जो वयानं सर्वात ज्येष्ठ, तोच विभागप्रमुख समजण्यात येतो. तरी धाव प्रशिक्षक श्रीमती सासूबाई (मानद) यांची विभागप्रमुख म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. अन्य प्रशिक्षकांनी दैनंदिन कामाचा अहवाल त्यांना द्यावा.

गोळाबाईंनी पत्र तीनदा वाचलं. नवऱ्यानं एकदाच वाचलं आणि तो दुकान उघडायला पळाला. रविवार नव्हता म्हणून बरं.

सासूबाईंनी चष्मा लावून पत्र सावकाश वाचलं, घडी घातली आणि कमरेला खोचलं.

"सूनबाई, उद्यापासून पावणेसहाला मैदानावर. सहाला नाही, पावणेसहाला. आणि ते तुमचे गोळे मैदानभर पडलेले असतात, कुणाच्या पायात आले तर? आधी ते उचलायचे, मग बाकीचं."

"आई, ते मैदान माझं आहे!"

"असेल की. मी कुठं नाही म्हणतेय? उचलायचे मात्र पावणेसहाला."

गोळाबाई रात्रभर तळमळल्या. हे चालायचं नाही! अन्यायापुढे मान तुकवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. उद्या सकाळी मैदानावर सर्वांसमोर उभं राहून बंड पुकारायचं, असं त्यांनी पक्कं ठरवलं.

आणि पुकारलंही. फक्त आधी गोळे उचलले.